स्लॅबचं वय विचारणारे लांजेवार

लांजेवार साहेब कोणाच्याही घरी गेले की आधी मान वर करून छताकडे बघतात आणि विचारतात, "स्लॅब केव्हाचा?" चप्पल त्यानंतर काढतात. यजमान म्हणाला, "झाली असतील पंचवीस वर्षं," की साहेबांचा चेहरा उजळतो आणि ते सोफ्यावर आरामात मागे टेकतात. "मागच्या दिवाळीत टाकला" असं उत्तर आलं, तर दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसतात आणि चहा घाईघाईने संपवतात. घरातल्या माणसांची चौकशी झालीच तर निघताना होते.

आमच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं कोणी असावं म्हणून मी त्यांना सोबत नेलं. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची प्लेट पुढे केली, तर साहेब गॅलरीत खुर्चीवर चढून वरचं छत नखाने खरवडत होते. आत येऊन म्हणाले, "बाप्पा, मालात पाणी लय टाकलं हो तुमच्या ठेकेदारानं. फसवलं तुमाले." मुलीचे वडील स्वतःच ठेकेदार होते. ते स्थळ तिथेच संपलं, आणि पुतण्या अजून माझ्याशी धड बोलत नाही.

साहेबांचं पूर्ण नाव मधुकर लांजेवार. कामठी रोडवर आमचा काँक्रीटचा प्लांट आहे. तिथे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी कालवून तयार माल फिरत्या ड्रमच्या ट्रकांमधून नागपूरभर पोचवला जातो. साहेब त्या प्लांटच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मटेरियल सायन्समध्ये डॉक्टरेट केलेला हा माणूस कॉलेजात शिकवायचं सोडून आमच्या धुळीत का आला, ते कोणालाच माहीत नाही. मी तिथला गाड्या सोडणारा माणूस, बावणे. माल ट्रकात चढला की माझं घड्याळ सुरू होतं. ट्रक कुठे अडकला तर काँक्रीट ड्रममध्येच दगड होतं आणि मग ते छिन्नी-हातोड्याने फोडावं लागतं. त्यामुळे घाई, अ‍ॅसिडिटी आणि शिव्या, या तिन्ही गोष्टी माझ्याकडे कायमच्या मुक्कामाला आहेत. साहेबांकडे यातली एकही नाही, आणि मला त्यांचा राग यायला तेवढं कारण पुरत असे.

त्यांचा ध्यास एकच. कमी सिमेंटमध्ये जास्त मजबूत काँक्रीट. एका दिवाळीला ऑफिसात चिवड्याचा डबा आला होता. साहेबांनी तो ताब्यात घेतला, पोहे वेगळे केले, दाणे वेगळे, डाळं वेगळं, शेव वेगळी. मग डबा टेबलावर आपटत आपटत एकेक जिन्नस परत भरायला लागले. "पाह्य गा बावणे, पोह्यायच्या मधात जागा आहे, थे डाळ्यानं भर. डाळ्याच्या मधात शेव. आता उरली किती जागा? तेवढंच तेल लागते. सिमेंट म्हंजे हे तेल आहे. लोकं अर्धा डबा तेलानं भरून राहिले, अन् वरून म्हणतात, घर बांधनं महाग झालं." समजावून झालं तेव्हा चिवड्याचं पीठ झालं होतं. ते आम्ही चमच्याने खाल्लं.

खडीचे लहानमोठे दाणे कोणत्या प्रमाणात घेतले की मधली जागा कमीत कमी राहते, हे ते महिनोन्‌महिने चाळण्या हलवून बघायचे. वीजकेंद्रातून येणाऱ्या कोळशाच्या राखेवर तर त्यांचा विशेष जीव. सिमेंट पाण्याशी मिळालं की चुना सोडतं, आणि ही राख तो चुना सावकाश खाऊन आणखी दगड बनवते, असं ते सांगायचे. "सावकाश" हा शब्द त्यांच्या तोंडात आला की माझ्या पोटात आग पडायची. मी विचारायचो, "किती सावकाश, साहेब?" ते म्हणायचे, "घाई कोणाले आहे?" अहो, मलाच!

प्रत्येक मालाचे नमुने म्हणून लोखंडी साच्यात काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरतात. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून ते पाण्यात बुडवून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे, म्हणजे मालाची ताकद कळते. प्लांटच्या नेहमीच्या क्यूबांसाठी मोठा हौद होता, पण साहेबांच्या नव्या मिश्रणांचे क्यूब त्यांच्या खोलीत वेगळ्या टाकीत असायचे. उन्हाळ्यात त्या पाण्याला ताप भरू नये म्हणून ते टाकीत बर्फ सोडत. आम्हाला मठ्ठ्यात टाकायला बर्फ मिळत नसे. मी एकदा टाकीतून खडा उचलला, तर साहेब म्हणाले, "लेकरायच्या तोंडचा काढून राहिला का गा?"

हे सगळं गमतीचं होतं, जरीपटक्याचा स्लॅब येईपर्यंत.

जरीपटक्याच्या वस्तीत रामटेके गुरुजींची एक समिती आहे. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून वर्गातला. वस्तीतली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला जागा नाही म्हणून एका टिनाच्या शेडमध्ये पाळ्या लावून बसत. वस्तीने मिळून अभ्यासिका बांधायला काढली. खालचा मजला मुलांना, वरचा मुलींना. पण नेहमीच्या मालाच्या भावात वरचा मजला बसेना. गुरुजी प्लांटवर येऊन हे सांगत होते तेव्हा साहेब छताकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "वरचा मजला होते. माह्या मिश्रणात होते."

आमच्या मालकांना लकडगंजच्या ऑफिसात जाऊन विचारावं लागलं. मालक मनाने वाईट नाहीत, पण चुकीला माफी त्यांच्या स्वभावात नाही. एकदा एका ड्रायव्हरला त्यांनी गेटवरच हिशोब करून घरी पाठवलं होतं. ते म्हणाले, "करा लांजेवार, लेकिन फेल झाला ना, तर तोडायचा खर्च तुमच्या नावावर. अन् नोकरी बी."

मे महिन्यात उजाडायच्या आत स्लॅब टाकला. माझ्या गाड्या वेळेवर पोचल्या, हे इथे नमूद करतो, कारण दुसरं कोणी करत नाही. वस्तीतली माणसं रस्त्याच्या कडेला लग्नाला आल्यासारखी उभी होती. साहेब स्लॅबवर टाकलेल्या फळ्यांवरून अनवाणी फिरले आणि उतरताना गुरुजींना म्हणाले, "याले सुकू देऊ नका. मातीचे आळे करून पाणी भरून ठेवा. राखेचं काम आहे, पाणी नाही तर काहीच नाही." दुसऱ्या दिवशी शुक्रवारी क्यूब साच्यातून काढून त्यांनी आपल्या टाकीत सोडले आणि दोन दिवसांसाठी भंडाऱ्याला बहिणीकडे गेले. बहीण आजारी नसती तर गेलेही नसते.

सातव्या दिवशी क्यूब फोडायचे होते. राखेचा माल सुरुवातीला हळू चढतो, तेव्हा आकडा कमी येईल, हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. पण किती कमी, त्याचाही त्यांचा हिशोब होता. पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला. सुई चढायला लागली. साहेबांचे ओठ पुटपुटत होते. सुई त्यांच्या आकड्याच्या खूप अलीकडे थांबली, आणि क्यूब कडाडून फुटला. दुसरा लावला. तोही तिथेच. तिसरा तर त्याच्याही आधी.

आमच्याकडे झाडझूड करणारी शेवंताबाई दारात झाडू धरून उभी होती. साहेबांनी फुटलेला तुकडा उचलला, उजेडात फिरवून बघितला आणि चक्क जिभेला लावला. मग टाकीपाशी जाऊन बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

"माल चांगला आहे," ते म्हणाले.

"मंग क्यूब काहून फुटले?"

"क्यूब खराब आहे."

"क्यूब मालाचेच ना, साहेब? का शेजाऱ्याचे आहे?"

प्रश्न विचारला आणि लांजेवार साहेबांनी उत्तर दिलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला भीती वाटली.

बातमी लकडगंजला पोचायला वेळ लागला नाही. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "लांजेवार, कारण सांगा. कारण असंल तर मी ऐकतो. नसंल तर स्लॅब तोडा, उद्या."

"कारण सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "मालात दोष नाही. अठ्ठावीस दिवसात माल पुरा चढते, तेवढे होऊ द्या, मंग स्लॅबचाच कोर काढा." कोर म्हणजे खुद्द स्लॅबमध्ये मशीन घालून कापलेला गोल तुकडा. तो फोडला की स्लॅबचीच ताकद कळते.

"कोर बी फेल झाला तर?"

"तर तोडू. अन् मी जाईन."

"ये क्या बात हुई? कारण का नाही सांगता येत?"

साहेब टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. मालकांनी हात झटकला. वरच्या मजल्याचं काम थांबलं.

बाहेर पडल्यावर मी पार्किंगमध्येच त्यांना गाठलं. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. तपासणीसाठी म्हणून चार जास्तीचे क्यूब भरायचे, त्यात मूठभर सिमेंट वाढवायचं, आणि वेळ आली की तेच पुढे करायचे. मी म्हटलं, "साहेब, आतापासून भरून ठेवू. अठ्ठाविसाव्या दिवशी मालकाले थेच दाखवू. कोरबीर कायले पायजे?" साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे झालो. "त्या स्लॅबखाली पोट्टे बसनार आहे बावणे, अन् वर पोरी. त्यायले दाखवशीन का तुह्ये क्यूब?" ते स्कूटर चालू न करताच ढकलत गेटपर्यंत गेले.

मग जे दिवस सुरू झाले ते मला नको होते. गुरुजी एक दिवसाआड प्लांटवर यायचे, टोपी काढायचे, पुन्हा घालायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "साहेब, तोडावं लागन का?" साहेब म्हणायचे, "नाही." "नक्की?" "पाणी भरून राहिले ना?" "भरून राहिलो. टँकर येते त्यातलं आधी स्लॅबले, मंग घरी." माणसं प्यायचं पाणी त्या स्लॅबवर ओतत होती, आणि आमच्याकडे फुटलेल्या क्यूबांशिवाय दाखवायला काही नव्हतं. ठेकेदार रोज फोन करून मशीन कधी आणू विचारत होता, म्हणजे तोडायचं मशीन.

साहेब वाळले. चाळण्या तशाच पडून राहिल्या. आमच्या हिशोबनिसाच्या घरी वास्तुशांतीला गेलो, तर हा माणूस छताकडे न बघता सरळ पाटावर जाऊन बसला. नवा कोरा स्लॅब होता! मी घरी येऊन बायकोला म्हटलं, लांजेवारांचं काही खरं नाही.

कोर काढायच्या दिवशी ऊन असं होतं की स्लॅबवर पाय टेकवत नव्हता. मशीनचं पातं गोल फिरत खाली जात होतं, राखाडी पाणी वाहत होतं. मालक स्वतः आले होते. गुरुजी वस्तीतल्या पाच-सहा लोकांबरोबर सावलीला उभे होते, पण सावलीत कोणाचं लक्ष नव्हतं. तुकडा निघाला तसा साहेबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी धरून बोटाने वाजवला. चेहरा काही सांगेना.

मालकांनी हट्टाने बाहेरची प्रयोगशाळा गाठली होती, म्हणजे आमचा हात लागायला नको. मशीन बंद दाराआड नव्हतं एवढंच नशीब. सुई चढायला लागली. सातव्या दिवसाचा आकडा आला. तो मागे पडला. पास व्हायचा आकडा आला. तोही मागे पडला, आणि सुई चढतच राहिली, अगदी सावकाश, त्यांच्या त्या राखेसारखी. शेवटी कोर फुटला तेव्हा तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, "काय टाकलंय हो यात?" बाकीचे दोन कोरही तसेच निघाले. रामटेके गुरुजी भिंतीला पाठ लावून खालीच बसले आणि टोपीने डोळे पुसायला लागले. मी आनंदाने एक शिवी घातली, ती मालकांनी ऐकली.

"वरच्या मजल्याचा माल कधी पाठवता?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

परतताना गाडीत मी साहेबांना म्हटलं, "आता तरी सांगा. स्लॅब एवढा पक्का, मंग क्यूब काहून फेल झाले?"

"होते कधी कधी."

होते कधी कधी! चिवड्याच्या डब्यावर तासभर भाषण देणारा माणूस मला म्हणतो, होते कधी कधी. मी रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी शेवंताबाई आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बावणे भाऊ, थे माह्याच्यानं झालं."

मग तिने सांगितलं. साहेब भंडाऱ्याला गेले त्या शनिवारी महापालिकेच्या बाया प्लांटवर आल्या होत्या. डेंग्यूचे डास साठलेल्या पाण्यात होतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, कूलर, टाक्या, ड्रम सगळं रिकामं करून घासा, असं सांगून गेल्या. शेवंताबाईची नात डेंग्यूतून उठून नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. तिने प्लांटवरचं एकेक भांडं पालथं घातलं. मोठा हौद तिच्या आवाक्यातला नव्हता. साहेबांच्या खोलीतली टाकी होती. तिने ती उपसली, घासली, आणि क्यूब कोरड्या टाकीत तसेच ठेवले. पाण्याचा टँकर आला सोमवारी सकाळी. तेव्हा तिने टाकी पुन्हा भरली. दोन दिवस मे महिन्याच्या झळांत ते नुकते जन्मलेले क्यूब सुकत पडले होते.

"क्यूब फुटले तवा मले समजलं भाऊ. मी त्याच दिवशी साहेबाले जाऊन सांगतलं. तर म्हणे, मले माहीत आहे वं, पाणी स्वच्छ दिसलं तवाच समजलं. कोणाले बोलू नको म्हणे, मालक तुले ठेवनार नाही."

मी त्या संध्याकाळी तडक महाल भाग गाठला. साहेब तिथल्या एका गल्लीत वरच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. वहिनी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, एवढं मला ठाऊक होतं. कशाने, ते कधी विचारलं नव्हतं. दार उघडताच मी सुरू झालो. मालकाला नाही तर नाही, मला सांगता येत नव्हतं का? नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं, तो म्हातारा येऊन टोपी काढत-घालत होता! आणि शेवटी माझं हुकमी पान टाकलं, "अन् क्यूबच्या पाण्यात चुना उतरते, त्यात डास होतच नाही, हे तुमीच मले सांगतलं होतं. मंग तिले काहून नाही सांगतलं? ती टाकी उपसायची गरजच नव्हती!"

साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"तिले असं सांगतलं, तर उद्या दुसरं पाणी दिसलं तवा तिच्या मनात येईन, हे बी तसंच असंन. राहू दे." त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "आमच्या घरी कूलर माह्या टेबलापाशी होता. थंड हवेत वाचत बसाची सवय मले. पाणी बदलवाचं काम माह्यं. मी म्हणो, उद्या बदलवतो. त्याच तापानं सुमन चार दिवसात गेली. घरात कोणी शेवंता नव्हती बावणे, की जे न विचारता पाणी काढून टाकन."

मी इतकी वर्षं या माणसाला सावकाश, थंड, दगडाचा म्हणत आलो. उठून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जे मी कोणाच्या बाबतीत करत नाही, आणि ते तसेच बसून राहिले.

पुढच्या शनिवारी काही कामाने मी प्रयोगशाळेत डोकावलो. वरच्या मजल्याच्या चाचणीचे नवे क्यूब टाकीत होते. साहेब बाह्या वर सारून एकेक क्यूब पाण्यातून उचलत होते आणि ओल्या पोत्यात गुंडाळून भिंतीशी ठेवत होते. शेवंताबाई बाजूला ब्रश आणि बादली घेऊन उभी होती, टाकी रिकामी व्हायची वाट बघत. "नातीले ताप नाही ना वं आता?" त्यांनी विचारलं. "नाही साहेब, शाळेत जाऊन राहिली," ती म्हणाली.

बाहेर माझे तीन ट्रक गेटवर हॉर्न वाजवत होते. मी फोन खिशात टाकला, बाह्या वर केल्या आणि साहेबांच्या शेजारी टाकीत हात घातला.